सदतीस अंश

अकरा वर्षं मी रबाळ्याच्या कारखान्यात
गोळ्या विरघळवत होते.
सहा काचनळ्या, सदतीस अंश पाणी, हातात स्टॉपवॉच.
पंधरा मिनिटांच्या आत विरघळली तर पास,
नाहीतर अख्खी बॅच बाजूला, वर लाल चिठ्ठी.
ती पुढे कोणाच्या पोटात जाणार,
तो जेवलाय का, जेवताना समोर कोणी होतं का,
असा रकाना आमच्या फॉर्मवर नव्हता.

मग माझंच पोट बिनसलं.
मीच पास केलेल्या गोळ्या मीच खायचे,
आणि रात्री तीनला गॅलरीत उभी राहून
ठाणे-बेलापूर रोडवरचे टँकर मोजायचे.

पुण्याकडच्या एका आश्रमात दहा दिवस गेले.
तिथल्या कृष्णाबाईने पोटावर ओली माती थापली,
म्हणाली, आता गप पड.
एवढंच.
मला इतक्या वर्षांत असं कोणी म्हणालं नव्हतं.

त्यानंतर कोर्स, परीक्षा, पुन्हा परीक्षा,
एनिमाचा डबा धुण्यात गेलेली दोन वर्षं.
वडील म्हणाले, पगार सोडून चिखल?
सासूबाईंनी शेजारी सांगितलं,
सून ब्युटी पार्लर काढतेय.

नेरुळला तळमजल्यावर एक खोली.
पेंटरने बोर्डावर स्वतःहून एक कोरफड काढून दिली,
तिचे पैसे लावले नाहीत.
माती पारसिकच्या उतारावरची,
मुंग्यांनी सोडून दिलेल्या वारुळाची.
चाळायची, तीन दिवस उन्हात, मग रात्रभर माठात.
सोसायटीचे गडकर वर आले की म्हणतात,
ताई, गच्ची लीक होते हो तुमच्या मातीने.
(मागच्या महिन्यात कंबर धरून आले होते,
दिवेलागणीनंतर, कोणाला सांगू नका म्हणाले.
हे बघा, सांगितलंच.)

दिवाळ्याचे मारुती तांडेल आले.
पोट साफ नाही, झोप नाही.
मी विचारलं, काय खाता, कधी, कोणाबरोबर.
ते छताकडे बघत पडून राहिले, पोटावर माती.
दुसऱ्या खेपेलाही तेच.
पाचव्या खेपेला माती पुसताना म्हणाले,
होडी विकली.
घेणाऱ्याने तिचं नाव खरवडून काढलं.
माझ्या हातात ओला पंचा होता.
मी म्हणाले, काय नाव होतं?
त्यांनी सांगितलं.
त्या दिवशी मी फी घ्यायची विसरले,
आणि ते द्यायची.
पोट? पोट अजून कुरकुरतंच.
पण रात्री एकला झोपतात, चारला नाही.

लोक विचारतात, किती सिटिंगमध्ये बरं होईल?
इन्सुलिन बंद करू ना?
अजिबात नाही, म्हणते मी, इतक्या मोठ्याने
की बाहेरचा पेशंटही दचकतो.

मालन कोठेकर, शाळेत शिपाई.
खांदा दुखतो म्हणून आली.
तेल लावताना काखेपाशी बोट थांबलं.
वाटाण्याएवढं, कडक, जागचं न हलणारं.
हात मागे घेतला. तेल पुसलं.
मातीचं झाकण लावलं.
वाशीच्या हॉस्पिटलची चिठ्ठी लिहिताना
अक्षर कारखान्यातल्यासारखं आलं,
लाल चिठ्ठीवर लिहायचे तसं.
रिक्षात तिच्या शेजारी मीच बसले.
ती म्हणाली, तुमच्याकडे नाहीच का याच्यावर काही?
सानपाड्याचा सिग्नल बराच वेळ लाल होता.
नाही, म्हणाले.

परवा आली. डोक्याला रुमाल,
भुवया पेन्सिलीने काढलेल्या, एक जरा वर.
आता तरी करा काहीतरी, म्हणाली, आणि हसली.
केमोने तळवे हुळहुळे झालेत,
गरम पाणी नको, गार सोसत नाही.
टबात पाणी ओतलं, थर्मामीटर शोधला,
सापडेना, मग कोपर बुडवून पाहिलं.
सदतीस असणार.
या हातांना ते आकड्याशिवाय कळतं,
रबाळ्याची तेवढी शिकवण.

तिने पाय सोडले.
किती वेळ बसू?

मी शेजारी स्टूल ओढलं.
बस, म्हणाले.